आजोबांच्या पडवीतले पोस्ट आणि नातवाची नेमणूक

कळव्याहून एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा भाचा २२ वर्षांचा असून ऐरोलीला आईवडिलांजवळ राहतो. दहावीला त्याला ७१.४० टक्के गुण होते आणि पुढे तो वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला. मुलाचे आजोबा मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूच्या एका गावात, ३४ वर्षे शाखा डाकपाल होते आणि वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर नुकतेच सेवामुक्त झाले. पोस्ट अजूनही त्यांच्याच घराच्या पडवीत आहे आणि तूर्त तेथील सहायक शाखा डाकपाल दोन्ही कामे पाहतो. आजोबा आजारी असताना नातवाने पाच महिने बदली माणूस म्हणून काम केले होते. मुलाचे चुलते तालुक्याच्या उपडाकघरात डाक सहायक आहेत. घरातल्या मोठ्यांचे म्हणणे असे की इतक्या वर्षांची जागा घराबाहेर जाऊ नये, चुलत्यांनी वर शब्द टाकावा. दरम्यान एका मध्यस्थाने तीन लाख रुपयांत नेमणुकीचा कागद हातात देतो, असे सांगितले आहे. अशी नेमणूक होऊ शकते का, बदली कामाचा उपयोग होईल का आणि मुलगा ऐरोलीहून ये-जा करून हे काम करू शकेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी डाक विभागात ३६ वर्षे नोकरी केली. त्यातली बरीच वर्षे उपविभागीय निरीक्षक म्हणून खेड्यापाड्यांतली शाखा डाकघरे तपासण्यात गेली, आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून ठाण्यात राहतो. तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे. मात्र नुसते 'नाही' सांगून हा विषय संपत नाही, कारण घरातल्या मोठ्यांच्या मनात जी समजूत आहे ती त्यांनी कुठून तरी ऐकलेली अफवा नसून एके काळी तसेच चालत असे, आणि ते चालवणाऱ्या यंत्रणेचा मीही एक भाग होतो.

आधी जागा कोणती आहे ते नीट पाहावे. गावात सगळे 'पोस्टमास्तर' म्हणत असले तरी शाखा डाकपाल हा खात्याचा नियमित कर्मचारी नसतो. तो ग्रामीण डाक सेवक असतो. मुरबाड, शहापूर, बदलापूर अशा ठिकाणच्या उपडाकघरांत बसणारे उपडाकपाल हे डाक सहायक म्हणून स्पर्धा परीक्षेतून किंवा खात्यांतर्गत परीक्षेतून आलेले आणि नंतर वर चढलेले असतात. त्या खुर्चीवर बाहेरून कोणालाही थेट बसवता येत नाही. शाखा डाकघराची कल्पनाच मुळात वेगळी आहे. इंग्रजी अमदानीत खेड्यापर्यंत टपाल न्यायचे होते, पण तिथे पगारी माणूस ठेवण्याइतके काम नव्हते. म्हणून गावातला शाळामास्तर, दुकानदार किंवा घरचे बरे असलेला एखादा गृहस्थ पाहून त्याला थोडा भत्ता द्यायचा आणि त्याच्याच ओट्यावर दोन-चार तास पोस्ट चालवायचे, अशी सोय झाली. याच व्यवस्थेला पुढे 'ईडी' म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल हे नाव मिळाले, १९६४ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम झाले आणि २००१ च्या नियमांपासून 'ग्रामीण डाक सेवक' हे नाव रूढ झाले. आज देशात सुमारे १ लाख ६४ हजार डाकघरे आहेत, त्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के ग्रामीण भागात आहेत आणि त्यांतली बहुसंख्य याच पद्धतीची शाखा डाकघरे आहेत. कामाचे तास चार किंवा पाच असतात. डाक सेवकांच्या मोबदल्याचा विचार करणाऱ्या कमलेश चंद्र समितीच्या अहवालानंतर १ जुलै २०१८ पासून शाखा डाकपालाचा मूळ भत्ता चार तासांसाठी १२,००० आणि पाच तासांसाठी १४,५०० रुपयांपासून सुरू होतो, त्यावर केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळतो. उपजीविकेचे दुसरे साधन त्याच्याकडे असावे, हे नियमांत पहिल्यापासून गृहीत धरलेले आहे.

नात्यागोत्याचा शिरकाव झाला तो नेमका याच गृहीतकातून. ईडीच्या काळात शाखा डाकपालाला आठवी पास असणे पुरेसे असे. त्याच्या नावावर काही जमीनजुमला किंवा उत्पन्न असावे, पोस्टाला जागा त्याने स्वतः द्यावी आणि तो गावातच राहावा, अशा अटी असत. आमच्या ठाणे जिल्ह्यात, मुरबाड-शहापूरच्या त्या वेळच्या गावांत, रस्त्यालगत पक्के घर, सात-बाऱ्यावर नाव आणि लिहिता-वाचता येणारा मुलगा या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असत. रोजगार विनिमय केंद्राकडून नावे मागवली जात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लागे, पण अर्ज येत ते एकाच आळीतून. जुना डाकपाल थकला की आधी त्याचा मुलगा 'बदली' म्हणून बसे, वर्ष-दोन वर्षांत मेल ओव्हरसियरला, म्हणजे शाखा डाकघरांवर देखरेख ठेवत फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला, आणि हिशेब पाहणाऱ्या उपडाकघराला त्याची सवय होई, आणि जागा रिकामी झाल्यावर निरीक्षकाच्या अहवालात 'कामाचा अनुभव आहे, जागा उपलब्ध आहे, वर्तणूक चांगली आहे' अशी तीन वाक्ये लिहिली की वारसाहक्काने जमीन चढावी तसे पोस्ट पुढच्या पिढीच्या नावावर चढे.

यात सगळेच वाईट होते, असे मी म्हणणार नाही. अनेक घरांनी तीन-तीन पिढ्या पैशाला हात न लावता पोस्ट सांभाळले आहे. परंतु हे पद कुळाचे नाही. पाटीलकी आणि कुलकर्णीपण आपल्याकडे वतन म्हणूनच चालत आले होते. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली आणि मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्याने. संविधानाच्या अनुच्छेद १६ मध्ये सरकारी पदाबाबत ज्या कारणांवरून भेदभाव करायचा नाही त्यांत धर्म आणि जातीबरोबर 'कूळ' हा शब्दही आहे. आंध्रातील एका गावकामगाराच्या पदावर आधीच्या पदधारकाच्या घराण्याला प्राधान्य देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर १९६० साली घटनाबाह्य ठरवली. पुढे १९७७ साली राजम्मा खटल्यात ईडी कर्मचाऱ्याचे पद हे नागरी पद, म्हणजे सरकारच्या हाताखालचे पद आहे, असे त्याच न्यायालयाने सांगितले. तेव्हा पडवी आजोबांची, कपाट आजोबांचे, पण तारखेचा शिक्का आणि खुर्ची सरकारची, हे घरातल्या मोठ्यांना शांतपणे समजावून सांगावे लागेल.

आताची निवड कशी होते, ते आता सांगतो. २०१६-१७ पासून अर्ज फक्त ऑनलाइन घेतले जातात आणि निवड दहावीच्या गुणांवर संगणकाने केली जाते. टक्केवारी दशांशचिन्हानंतर चार अंकांपर्यंत धरतात. मुलाखत नाही, लेखी परीक्षा नाही, आणि पदवीला किंवा बारावीला एकही जादा गुण नाही, म्हणून आपल्या भाच्याची वाणिज्य पदवी या यादीत मोजली जाणार नाही. वय १८ ते ४० हवे आणि त्यात प्रवर्गानुसार सवलत आहे. दहावीपर्यंत स्थानिक भाषा शिकलेली हवी, संगणकाचे ज्ञान आणि सायकल चालवता येणे आवश्यक आहे. अर्जाचे शुल्क १०० रुपये असून महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तेही माफ आहे. पहिल्या यादीतील उमेदवार कागदपत्रे तपासायला आले नाहीत किंवा त्यांनी नकार दिला तर दुसरी, तिसरी अशा पुढच्या याद्या लागतात. खुल्या गटात या याद्या बहुधा नव्वद टक्क्यांच्या वरच थांबतात. प्रश्नात मुलाचा प्रवर्ग दिलेला नाही. तो खुल्या गटातला असेल तर ७१.४० टक्क्यांवर त्याच गावाची जागा मिळण्याची आशा धरू नये, आणि राखीव प्रवर्गातला असेल तर ती जागा त्या वेळी कोणत्या प्रवर्गाला सुटते, त्यावर सारे अवलंबून राहील. या सगळ्या साखळीत निरीक्षकाच्या किंवा अधीक्षकाच्या शिफारशीला शिरायला फट उरलेली नाही. अधीक्षक कार्यालयाकडे नाव येते तेच मुळी यादीतून, आणि त्या कार्यालयाचे काम कागदपत्रे खरी आहेत की नाही, हे पाहण्याचे.

बदली म्हणून केलेल्या पाच महिन्यांबद्दलही गैरसमज नको. बदली माणूस हा मूळ डाकपालाच्या जबाबदारीवर बसलेला असतो. त्यातून नियमित नेमणुकीचा हक्क उत्पन्न होत नाही आणि गुणवत्ता यादीत त्याला स्थान नाही. कुटुंबाच्या नात्याने जागा मिळण्याचा एकच सरळ मार्ग नियमांत आहे, तो म्हणजे सेवेत असताना डाक सेवकाचा मृत्यू झाला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीची अनुकंपा तत्त्वावर नेमणूक. तीही आपोआप मिळत नाही. कुटुंबाची हलाखी गुणांमध्ये मोजून परिमंडळ पातळीवरची समिती ठरवते. आजोबा सुखरूप निवृत्त झाले आहेत, ते शंभर वर्षे जगोत, म्हणून तो मार्ग येथे लागू नाही.

आता चुलत्यांनी शब्द टाकण्याविषयी. हे मी जरा सविस्तर लिहितो, कारण अशा एका शब्दाने काय झाले, ते मी जवळून पाहिले आहे आणि त्या प्रकरणातला एक कागद माझ्या हातचा आहे.

१९९० नंतरची दोन-तीन वर्षे मी एका डोंगराळ उपविभागात निरीक्षक होतो. एका गावचे शाखा डाकपाल निवृत्त झाले आणि त्यांच्या पुतण्याचे नाव पुढे आले. मुलगा २३ वर्षांचा, शांत, अक्षर मोत्यासारखे. त्याच्या काकांचे तालुक्यात वजन होते. त्यांनी कार्यालयातल्या एका वरिष्ठांना गाठले, वरिष्ठांनी मला 'मुलगा चांगला आहे ना, मग अडवू नका' असे सांगितले, आणि मुलगा खरोखरच चांगला असल्यामुळे मी अनुकूल अहवाल लिहिला. दुसऱ्या अर्जदारांच्या घरी मी गेलो नाही. नियमाप्रमाणे जायला हवे होते.

तीन वर्षांनी वार्षिक तपासणीला गेलो. शाखा डाकघराच्या तपासणीत रोकड आणि तिकिटे मोजून झाली की गावात फिरून ठेवीदारांची पासबुके गोळा करायची आणि ती जर्नलशी, म्हणजे पोस्टातल्या रोजच्या व्यवहारांच्या नोंदवहीशी, ताडून पाहायची असतात. गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका बाईंनी भाताच्या कणगीमागे हात घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले आवर्ती ठेवीचे पासबुक काढून दिले. महिन्याला २० रुपयांचा हप्ता. प्रत्येक ओळीत तारीख, रक्कम, शिल्लक, सही आणि शेजारी पोस्टाचा गोल शिक्का, इतका स्वच्छ उठलेला की गावाचे नाव बोटाने वाचता यावे. मी पडवीत परतून जर्नल उघडले. पासबुकात असलेल्या शेवटच्या सात हप्त्यांपैकी एकही जर्नलमध्ये नव्हता. मग दुसरे पासबुक पाहिले, तिसरे पाहिले. संध्याकाळपर्यंत अकरा पासबुके झाली. मुलगा समोर उभा होता आणि त्याने काहीही नाकारले नाही. काकांचे दुकान अडचणीत होते, त्यांनी 'पुढच्या महिन्यात भरून टाकू' म्हणून पेटीतून पैसे नेले होते आणि मग दर महिन्याला तसेच म्हणत राहिले होते. 'तुम्ही नाही का म्हणाला नाहीत,' असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, 'साहेब, नोकरी त्यांनीच लावली ना.'

त्याला त्याच दिवशी कामावरून दूर केले. आमच्या भाषेत त्याला 'पुट ऑफ' म्हणतात. काकांनी नंतर रक्कम भरली, पण पैसे भरल्याने अपहार पुसला जात नाही. चौकशी झाली, पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला आणि मुलगा सेवेतून गेला. काकांच्या नावावर एकही कागद नव्हता. पासबुकांवर सही पुतण्याची, जर्नल पुतण्याचे, रोकडीची जबाबदारी पुतण्याची.

तेव्हापासून वशिल्याच्या नेमणुकीकडे मी याच नजरेने पाहतो. लायक माणसाला डावलून नालायक माणूस बसतो, हा त्यातला एक दोष झाला. पण लायक मुलगासुद्धा वशिल्याने बसवला की तो उपकाराखाली बसतो, आणि ज्या पेटीत गावातल्या विधवेचे, मजुराचे, पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्याचे पैसे आहेत त्या पेटीला उपकार करणारा माणूस घरची पेटी समजू लागतो. आपल्या भाच्याच्या बाबतीत धोका आणखी एका कारणाने मोठा आहे. चुलते ज्या उपडाकघरात बसतात, त्याच कार्यालयाकडे या शाखा डाकघराचा रोजचा हिशेब जात असेल, तर खाली पुतण्या आणि वर चुलते अशी साखळी तयार होते. उद्या काही रुपयांची तफावत निष्काळजीपणाने झाली तरी दोघांवर संगनमताचा संशय येईल, आणि चुलत्यांची आयुष्यभराची नियमित नोकरी व निवृत्तिवेतन पणाला लागेल. त्यांनी शब्द टाकायला नकार दिला असेल, तर घरातल्यांनी त्यांच्यावर रागावू नये.

मध्यस्थाविषयी मी स्पष्टच लिहितो. त्याच्याजवळ विकण्यासारखे काहीही नाही. यादी संगणकावर लागते आणि ती सर्वांना संकेतस्थळावर पाहता येते. असे लोक बहुधा दहा जणांकडून पैसे घेतात, त्यातल्या ज्याचे नाव स्वतःच्या गुणांवर लागते त्याचे श्रेय लाटतात आणि उरलेल्यांना पुढच्या भरतीची आशा दाखवतात. याहून घातक प्रकार म्हणजे दहावीची वाढीव गुणांची बनावट गुणपत्रिका पुरवणे. ती मंडळाकडे पडताळणीला जाते, तेथे उघडी पडते, आणि नोकरी तर जातेच, शिवाय फौजदारी गुन्हा त्या मुलाच्या नावावर नोंदवला जातो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ मध्ये २०१८ साली झालेल्या सुधारणेनंतर लाच देणाराही सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. त्याच कायद्याच्या कलम ७अ मध्ये लोकसेवकावर आपले वैयक्तिक वजन वापरून काम करून देतो म्हणून पैसे घेणाऱ्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे. म्हणजे ज्याला आपण बोलीभाषेत 'ओळख' म्हणतो, ती पैशासाठी वापरणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पैसे अद्याप दिले नसतील तर देऊ नयेत. दिले असतील तर रक्कम बुडाली असे समजून गप्प बसू नये, विभागाच्या दक्षता शाखेकडे किंवा केंद्रीय अन्वेषण विभागाकडे लेखी तक्रार करावी.

ऐरोलीहून ये-जा करण्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अर्ज करताना उमेदवार त्याच गावचा असावा, अशी अट आता नाही. पण शाखा डाकपाल म्हणून निवड झाल्यावर ठरलेल्या मुदतीत त्याने पोस्टासाठी योग्य जागा द्यायची असते आणि त्याच गावात राहायचे असते. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून कल्याण, तिथून माळशेजच्या रस्त्याची एसटी आणि पुढे फाट्यावरून जीप, असा प्रवास पावसाळ्यात एका बाजूने तीन तास खातो. चार तासांच्या कामासाठी सहा तास रस्त्यावर घालवणारा माणूस पहिल्या महिन्यात दमतो आणि तिसऱ्या महिन्यात पोस्टाची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवू लागतो. किल्ली दुसऱ्याकडे गेलेल्या पोस्टाची तपासणी कशी संपते, ते मी वर लिहिलेच आहे.

गावात राहण्याची अट ही केवळ कागदावरची नाही, हे मला शहापूर तालुक्यातल्या एका बाईंनी शिकवले. त्यांचे सासरे ईडीच्या काळात डाकपाल होते, पण बाईंची निवड स्वतःच्या दहावीच्या गुणांवर झाली होती. निवृत्तीनंतर मी सहज त्यांच्याकडे गेलो असताना एक कातकरी आजी निराधार योजनेचे पैसे काढायला आल्या. आधारवर चालणाऱ्या यंत्राला अंगठ्याची ओळख पटेना. जन्मभर वीटभट्टीवर राबलेला अंगठा, त्यावर रेषा उरल्याच नव्हत्या. बाईंनी आजींचा हात कोमट पाण्याने धुतला, पदराने कोरडा केला, खोबरेल तेलाचा थेंब चोळून पुन्हा पुसला आणि दोन वेळा प्रयत्न केला. मग भिंतीवर टांगलेली शाळेची पाटी काढून त्यावर पाहिले. गावातल्या कोणत्या म्हाताऱ्या माणसाचे कोणते बोट यंत्राला चालते, ते त्यांनी नावानिशी लिहून ठेवले होते. 'आजी, तुमचे डाव्या हाताचे मधले,' असे म्हणून त्यांनी ते बोट टेकवले आणि पैसे निघाले. नंतर नोटा आजींसमोर दोनदा मोजल्या, आणि आजींनी त्या मोजल्यासारखे करून कनवटीला लावल्या.

सासऱ्यांनी सुनेला जागा दिली नव्हती. ती देण्याचा अधिकारच त्यांना नव्हता. पण गाव ओळखीचे होते, घर तिथे होते आणि लोकांना काय लागते, हे घरात बोलले जात होते, एवढा वारसा मात्र त्यांना खराच मिळाला. आताच्या निवडपद्धतीत हा वारसा मोजला जात नाही, ही तिची उणीव मला जाणवते. नव्वदच्या पुढे गुण मिळवलेला लांबच्या जिल्ह्यातला मुलगा इथे येतो, त्याला पोस्टाला जागा मिळत नाही, खोली भाड्याने मिळत नाही, काही महिन्यांत तो मोठ्या परीक्षेत पास होऊन जातो आणि गावातले पोस्ट पुन्हा दुसऱ्याच्या अतिरिक्त कार्यभारावर येते. तरीही जुन्या अहवालाच्या पद्धतीकडे परत जावे असे मी म्हणणार नाही, कारण त्या पद्धतीत कातकरीवाडीतल्या किंवा ठाकरवाडीतल्या मुलाचा अर्ज आमच्यापर्यंत पोहोचतच नसे, आणि आज त्याच वाड्यांतली मुले-मुली स्वतःच्या गुणांवर डाक सेवक झालेली मी पाहिली आहेत.

म्हणून माझा सल्ला असा. पुढची जाहिरात आल्यावर भाच्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून, विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर अर्ज करावा. कोणत्याही केंद्रावर जाऊन दुसऱ्याच्या हाती नोंदणीचा पासवर्ड देऊ नये. पसंतीक्रम भरताना केवळ आजोबांच्या गावाचा आग्रह न धरता ज्या ज्या गावी तो खरोखर राहायला तयार आहे, तीच गावे लिहावीत. त्याआधी कोणीतरी त्याला एकट्याला बाजूला घेऊन त्याचे मन विचारावे, कारण संपूर्ण प्रश्नात आजोबांची, चुलत्यांची आणि मामांची इच्छा आली आहे, मुलाची कुठेच आलेली नाही. त्याला टपाल खात्याचीच ओढ असेल, तर पदवीधर असल्याने कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून डाक सहायक होण्याचा रस्ता त्याला खुला आहे. तिथे दहावीचे ७१.४० टक्के आड येत नाहीत आणि नोकरी नियमित असते. डाक सेवक म्हणून निवड झालीच, तर पुढे खात्यांतर्गत परीक्षा देऊन पोस्टमन किंवा त्यापुढे जाता येते. मात्र त्यासाठी काही वर्षे गावात काढण्याची तयारी हवी.

आजोबांच्या घराने करण्यासारखी एक गोष्ट आहे. नवा डाकपाल कोणीही आला तरी पडवी पोस्टासाठी वाजवी भाड्याने देण्याची तयारी आपण होऊन दाखवावी. डाक सेवकाला मिळणाऱ्या भत्त्यात आता जागा, वीज आणि मोबाइलच्या खर्चासाठी थोडी रक्कम असते, तेव्हा व्यवहार लेखी करता येईल. बाहेरगावच्या नव्या मुलाला पहिल्या वर्षी जागेइतकी दुसरी कशाची अडचण होत नाही, आणि गावातल्या लोकांनाही पोस्ट शोधत नव्या आळीत जावे लागणार नाही.

शेवटी कामाची एक सूचना. ३४ वर्षे पोस्ट घरात असले की चार्ज देताना सगळे गेले असे वाटते, पण फळीवर, ट्रंकेत, देवघराच्या खणात काही ना काही राहून जाते. कोणी नोंद करायला ठेवून गेलेले पासबुक, जुन्या पावतीपुस्तकाच्या कार्बन प्रती, न वाटलेले एखादे पाकीट. आजोबांना माझा नमस्कार सांगून, त्यांना बरोबर बसवून एकदा घर नीट पाहावे. जे सापडेल त्याची दोन प्रतींत यादी करून ते हिशेब पाहणाऱ्या उपडाकघरात जमा करावे आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्यावी. ही पोच आजोबांनी स्वतःजवळ जपून ठेवावी.